झोपेचं विरजण

१

सांगलीला खणभागातल्या त्या घरात त्या वर्षी सकाळ उजाडायची ती झोपेच्या चौकशीनं. लढाईचे दिवस होते. रॉकेलला रांग, साखर कार्डावर. बाकीच्या घरांतून लोक उठल्या उठल्या लढाईची बातमी विचारत. इथं नारायण अंघोळ उरकून स्वैंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसे, आणि आधी वहिनीला, मग बायकोला, तेच ते दोन प्रश्न विचारी. झोप कशी लागली, आणि आज मन कसं आहे.

नारायण बी.एस्सी. झालेला. गावाबाहेरच्या एका औषधांच्या कारखान्यात रसायनं बघायचा. काकवीवर यीस्ट वाढवून त्याचा एक काळपट रबडा त्यानं तयार केला होता. रोज सकाळी चमचाभर ताकातून घ्यायचा, म्हणजे झोप सुधारते आणि मन ताळ्यावर येतं असं त्याचं म्हणणं. मालकाला तो लष्करी इस्पितळांना विकायचा होता, पण नुसत्या म्हणण्यावर लष्कर विकत घेत नाही. माणसांना देऊन पाहायला हवं होतं. आणि झोप उडालेल्या दोन बायका नारायणच्या घरातच होत्या.

थोरली गोदावरी. तिचा नवरा, म्हणजे नारायणचा थोरला भाऊ, लष्कराच्या हिशेबखात्यात सिंगापूरला गेला, आणि सिंगापूर पडल्यापासून त्याची काही खबर नव्हती. धाकटी शरयू, नारायणची बायको. साताऱ्याची, इंटरपर्यंत शिकलेली. मार्गशीर्षात मिरजेच्या इस्पितळात तिला मूल झालं ते रडलंच नाही. तेव्हापासून तिची झोप गेली होती. वाटी पडली तरी ती दचके, कुणी मागून हाक मारली तर हातातलं सांडे.

नारायणनं दोघींना एकेक चिनी मातीची बरणी दिली. वहिनीच्या बरणीला लाल दोरा, शरयूच्या बरणीला निळा. एकीत जिवंत यीस्ट आणि दुसरीत उकळून मारलेलं. चव तीच, वास तोच. कुणाला काय मिळालं ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एकमेकींच्या बरणीत चमचा घालायचा नाही, एवढा एकच नियम होता. शरयूनं लाडीगोडीनं विचारून पाहिलं, तर तो म्हणाला, सांगितलं की प्रयोग बिघडला.

त्याचा प्रयोग बिघडला तर मालक रागावणार होता. शरयूचं बिघडलं तर काय होणार ते ओसरीवर आधीच ठरलं होतं. अक्षय्यतृतीयेपर्यंत सूनबाईंच्या प्रकृतीला उतार पडला नाही, तर साताऱ्याहून व्याह्यांना बोलावून घ्यायचं आणि तिला हवापालटाला पाठवायचं, असं तात्यांनी, तिच्या सासऱ्यांनी, नारायणला ऐकवलं होतं. तिच्या मिरजेच्या मावसबहिणीला असंच हवापालटाला पाठवलं होतं. ती माहेरीच राहिली, आणि वर्षाच्या आत तिच्या खोलीत दुसरी आली. हवापालट म्हणजे काय, ते शरयूला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

उतार पडला, पण वहिनीला.

पंधरवडा उलटतो न उलटतो तो गोदावरी पहाटेपर्यंत गाढ झोपू लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. केसांना तेल लागलं, वेणीला पीळ आला, आणि ताक घुसळताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणू लागली. दोन वर्षं त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. तात्यांना आनंद झाला, मात्र त्या रबड्याला ताडीचा वास येतो ही कुरकुर त्यांनी सोडली नाही.

नारायण तर हरखून गेला. कारखान्यातली बॅटरी आणून तो वहिनीच्या डोळ्यांत उजेड पाडून बघे. जीभ बाहेर काढा म्हणे. स्वप्नं पडतात का, कूस किती वेळा बदलता, उठल्यावर पहिल्यांदा काय मनात येतं. वहिनी हसून म्हणे, "भावोजी, एवढं तर मला बघायला आलेल्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं." भाताला आदण येई तरी दोघांचं बोलणं चाले. मग पाटावरून उठता उठता तो शरयूकडे बघे, आणि तिनं "नाही लागली" म्हणायच्या आतच मान हलवी.

शरयू फुलके लाटत सगळं ऐके. वहिनी दुःखात होती तेव्हा शरयूचं तिच्यावर प्रेम होतं, हे खोटं नव्हे. दोघी रात्र रात्र एकमेकींची चुळबुळ ऐकत पडून राहत, आणि सकाळी लाल डोळ्यांनी एकमेकींकडे बघून हसत. आता त्या जागरणात ती एकटी उरली होती. तिला वाटे, वहिनीनं दगा दिला. आपल्याला मागं टाकून ही कुठंतरी निघून गेली.

आणि सगळ्यात झोंबे ते हे, की जिवंत बरणी त्यानं वहिनीला दिली. बायकोला दिलं ते मेलेलं.

३

दुपारी जेवणं झाली की गोदावरी माजघरात चटईवर आडवी होई. एकदा शरयू धुणं घड्या घालत तिथंच बसली होती. भांडी घासून आलेली बनुबाई पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"आवं धाकल्या वैनी, बगा की. थोरल्या वैनी कशा सरकून निजत्यात. कुनाला तरी जागा करून दिल्यावानी."

शरयूनं पाहिलं. गोदावरी झोपेत भिंतीकडे सरकली. नुसती सरकली असती तर काही नव्हतं. तिनं पदर आवरून घेतला, दुसऱ्या कुणाच्या अंगाखाली सापडू नये म्हणून आवरावा तसा. केसांची वेणी पाठीवरून ओढून पुढं घेतली. मग उशी थोडी मोकळ्या बाजूला ढकलली, आणि तिचा श्वास संथ झाला.

बनुबाई तिच्या थोरल्या धन्यांची आठवण काढून हळहळली आणि निघून गेली. शरयूनंही तेच मनाशी धरलं. लग्न झालेली बाई, जागा करून द्यायची अंगाला सवय. ह्यात काही विशेष नाही. इंटरला तिला तर्कशास्त्र होतं. साध्या कारणानं भागत असेल तर मोठं कारण शोधू नये, एवढं तिच्या लक्षात होतं.

तेवढ्यात तिला आवाज आला. बारीक, फुसफुस असा, कुणी दाताच्या फटीतून श्वास सोडावा तसा. फळीवर दोन्ही बरण्या शेजारी शेजारी होत्या. लाल दोऱ्याच्या बरणीचं झाकण अगदी किंचित वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. आत बुडबुडे येत होते. निळी बरणी गप्प होती.

तिनं पुन्हा चटईकडे पाहिलं. झाकण आणि गोदावरीची छाती एकदमच वर होत होती, एकदमच खाली. शरयूला वाटलं, आपण चार रात्री झोपलो नाही, आपल्याला काहीही दिसेल. पण एक गोष्ट मात्र दिवसाउजेडी खरी होती. जिवंत बरणी लालच.

४

तिला विरजणाची कल्पना सुचली ती दूध तापवताना, आणि सुचली तेव्हा ती इतकी साधी वाटली की आजवर कशी सुचली नाही ह्याचंच नवल वाटलं. घरचं दही नासलं तर आपण शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो. त्या चमच्यानं आपलं भांडंभर दही लागतं, आणि शेजारणीचं काही कमी होत नाही. मग लाल बरणीतला चमचाभर निळीत पडला तर कुणाचं काय जाणार? वहिनीला झोप राहील, आपल्याला येईल. ह्यांनाही दोघींच्या जिभा बघायला मिळतील.

संध्याकाळी तात्या फिरायला गेले होते. नारायण कारखान्यातून यायचा होता. गोदावरी देवापाशी निरांजनाची वात सारखी करत होती. दिवेलागणीला विरजण द्यायचं नसतं, मीठ द्यायचं नसतं, हे शरयूला आठवलं. साताऱ्याला तिची आई ह्या बाबतीत फार कडक होती. पण देतंय कोण? मी घेते आहे, आणि तेही एकाच घरातून एकाच घरात.

तिनं लाल बरणीचं झाकण उचललं. रबडा वर आला होता, वर फेस होता. चमचा आत जाताना तिला तो किंचित ओढला गेल्यासारखा वाटला. चिकट पदार्थ आहे, ओढणारच. चमचा निळ्या बरणीत झटकून तिनं तो पदरालाच पुसला. देवघरात दिवा लागला. गोदावरीची सावली भिंतीवर हलली आणि स्थिर झाली.

सकाळी फळीवरची फुसफुस निळ्या बरणीतून येत होती.

५

शरयूला झोप लागली. अशी झोप तिला लग्नाआधी माहेरीही लागली नव्हती. नदीच्या डोहात पाय सोडून बसावं आणि पाणी हळूहळू गळ्यापर्यंत यावं, तशी ती यायची. भीती वाटायच्या आत डोक्यावरून मिटून जायची. सकाळी ती उठे ती पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून, आणि मन पुसलेल्या पाटीसारखं कोरं. इस्पितळ आठवायचं, पण दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं.

नारायण बॅटरी घेऊन तिच्याजवळ बसू लागला. तिच्या पापण्या बोटानं वर करून बघताना त्याचा श्वास तिच्या गालाला लागे. "आज काय स्वप्न पडलं?" तो विचारी, आणि ती मुद्दाम आठवून आठवून, रंगवून सांगे. तिकडे चुलीपाशी वहिनी भाकरी थापत असे. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं दिसू लागलं होतं. गुणगुणणं थांबलं होतं. शरयूला ते दिसत होतं. वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी गोड होतं, आणि ते ती चाखत होती.

फक्त दुपारच्या झोपेत एक गोष्ट व्हायची. ती माडीवरच्या खोलीत पलंगावर पडे. खिडकीतून ऊन येई, खाली बनुबाईची भांडी वाजत. पूर्ण झोप लागायच्या थोडं आधी पायाकडची गादी खाली दबे. कुणी अगदी बेतानं, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून टेकावं तशी. मग शरयू पदर आवरून घेई आणि भिंतीकडे सरके. आपण सरकतो आहोत हे तिला कळे, का सरकतो आहोत हे विचारायला उसंत नसे. डोहाचं पाणी आलेलं असे.

कापूस जुना झाला, गादी पिंजून घ्यायला हवी, असं तिनं एकदा नारायणला सांगितलंही.

६

गोदावरी तिच्याशी बोलली ती गच्चीवर सांडगे घालताना. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. ऊन चढलं होतं. गोदावरीनं मान वर न करता विचारलं, "दुपारी येतं ना?"

शरयूच्या हातातला सांडगा कापडावर फुटला.

"दचकू नकोस. मी भांडायला नाही विचारत." बोटांचं पीठ तिनं वाटीच्या काठाला पुसलं. "मला आधी वाटलं, हे आलेत. तिकडे काही झालं असेल, आणि आलेत. मी जागा करून दिली. बाई असते वेडी. दोन वर्षांनी पाठीला कुणी टेकलं तर ती काय तोंड वळवून बघत बसते? झोप इतकी छान लागायची. मग एकदा हात लागला."

"कुणाचा?"

"ह्यांचा हात मला ठाऊक आहे गं."

तिनं पुन्हा वाटीत हात घातला. खाली रस्त्यानं टांगा गेला. शरयूच्या मनात आलं, ही जळते आहे. झोप गेली, आमच्या ह्यांची सकाळची चौकशी गेली, म्हणून मला घाबरवते आहे. तिनं तसं बोलूनही दाखवलं. तुमच्या बरणीतलं चमचाभर घेतलं हे मान्य, पण विरजण घेतल्यानं तुमचं काही कमी झालं नसणार, असं काहीसं.

गोदावरीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"मी पाहिलं होतं तुला घेताना. दिव्याची वात पुढं करत होते. मागून घेतलं असतंस तर त्या वेळी मी दिलं नसतं. कुणालाच दिलं नसतं. पण तू आपल्या हातानं घेत होतीस." तिनं पुढचा सांडगा नेमका गोल घातला. "म्हटलं, घेऊ दे."

मग उठता उठता, सासुरवाशिणीला काही रीतभात सांगावी तशा आवाजात ती म्हणाली, "भिंतीकडे तोंड करूनच झोपत जा. वळू नकोस."

७

अक्षय्यतृतीया आली आणि गेली. साताऱ्याला पत्र गेलं ते सूनबाई छान सुधारल्या म्हणून. तात्यांनी तिच्या पुरणपोळीवर आग्रहानं तूप वाढायला लावलं, आणि ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला, ज्याच्या ताडीच्या वासावर ते कुरकुरत त्याच औषधाची थोरवी सांगितली.

त्या रविवारी सकाळी नारायण पाटावर बसला तो खुशीत. प्रयोग संपला होता. मालकाला दाखवण्यासारखं फळ हाती आलं होतं.

"आता सांगायला हरकत नाही," तो शरयूला म्हणाला. "जिवंत बरणी तुझी होती. निळी. पहिल्यापासून."

चुलीपाशी गोदावरीचा हात थांबला.

"आणि वहिनींची?" शरयूनं विचारलं.

"उकळलेली. साफ मेलेली. त्यांना आधी झोप लागली ती मनाच्या समजुतीनं. समजूत अशीच असते, थोडे दिवस टिकते आणि उतरते. तुझी सावकाश आली आणि टिकली. हेच तर दाखवायचं होतं."

तिनं विचारलं, मेलेल्याला बुडबुडे येतात का. तो हसला. मेलेलं फुगत नाही, त्याला फेस येत नाही, त्याचं विरजण लावायला गेलं तर लागत नाही. कॉलेजात शिकलेल्या बाईनं असलं विचारू नये.

फळीवर निळी बरणी संथपणे श्वास घेत होती.

मग त्यानं आळस दिला, गेले काही महिने कामाच्या काळजीनं आपल्यालाच नीट झोप नाही असं म्हणाला, आणि फळीकडे हात केला. ताकाचा पेला त्यानं स्वतःच भरून आणला होता. शरयू एक वाक्य बोलू शकली असती. थांबा, ते घेऊ नका. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. दुपारचं सांगावं लागलं असतं, गादीचं सांगावं लागलं असतं. तात्या ओसरीवरून ऐकत होते. औषधानं बरी झालेली सून औषधाबद्दल असं बोलू लागली, तर तिला कुठं पाठवतात हे तिला ठाऊक होतं.

तिनं गोदावरीकडे पाहिलं. गोदावरी फुंकणीनं चूल फुंकू लागली.

नारायणनं निळ्या बरणीत चमचा घातला. तो जरासा ओढला गेला, हे शरयूला बसल्या जागेवरून दिसलं. "चिकट झालंय," तो म्हणाला, आणि पेला तोंडाला लावला.

८

त्यानंतर शरयूला झोप आली नाही. ती रोज डोळे मिटून पडे, आणि सकाळी त्यानं विचारलं की "छान लागली" म्हणे. खरं तर तो आता अर्ध्या मनानंच विचारी. त्याची स्वतःचीच झोप इतकी सुरेख झाली होती की त्याला दुसऱ्याच्या झोपेत गोडी उरली नव्हती. दाढी करताना तो गुणगुणे. चेहऱ्यावर अशी तकाकी आली होती की तात्यासुद्धा थट्टा करत, पोरगा पुन्हा बोहल्यावर चढतोय की काय म्हणून.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तो माडीवर तिच्या शेजारी येऊन पडला. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदाच. शरयूनं पानाचा विडा करून ठेवला होता, वेणीत अबोली घातली होती. तो विडा खाऊन, तिच्याकडे बघून चांगला हसला, आणि क्षणात झोपी गेला.

ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. खाली बनुबाई कुणाशी तरी हुज्जत घालत होती. शरयू भिंतीकडे तोंड करून पडली. पायाकडची गादी हळूच दबली.

तिच्या पाठीमागं नारायण सरकला. तिच्यापासून दूर, कडेकडे. त्यानं धोतराचा सोगा ओढून घेतला. दोघांच्या मधे जागा झाली आणि ती जागा भरली. गादीच्या उताराबरोबर शरयूची पाठ किंचित मागं घसरली, आणि टेकायच्या आत तिनं भिंतीला हात लावून स्वतःला धरलं.

नारायण झोपेत पुटपुटला. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हा आवाज होता. नंतर तो तिला कधी ऐकू आला नव्हता. इस्पितळातून आल्यावर तर नाहीच. ती जागीच पडून दुसऱ्यांची झोप ऐकत होती, आणि हा आवाज दुसऱ्या कुणाला तरी मिळत होता, तिच्याच पलंगावर, तिच्याच पाठीशी.

वळू नकोस, असं वहिनीनं सांगितलं होतं. वहिनीला सांगायला काय जातं.

ती वळली.

मधे कुणी नव्हतं. भर उजेड होता आणि कुणी नव्हतं. नारायण कुशीवर, तिच्याकडे तोंड करून झोपला होता, ओठांवर हसू. त्याचा हात पुढं पसरला होता आणि गादीला टेकला नव्हता. वीतभर वर, हवेत, कशावर तरी सैल पडून होता, आणि संथपणे वरखाली होत होता. त्याच्या खाली चादर खोल दबलेली होती. उशीवर एक खळगा होता, नारायणच्या तोंडासमोर.

हाक मारावी, खाली पळावं, असं शरयूला अंगभर वाटत होतं. पण त्या भीतीच्याही आत तिच्या जिवाची आग होत होती, आणि डोळे त्या अधांतरी हातावरून हलत नव्हते. किती प्रेमानं ठेवला होता त्यानं तो.

उशीतला खळगा हळूच फिरला. कापूस दबत दबत तिच्या बाजूला आला आणि थांबला.

खाली कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं शरयू म्हणाली, "इकडे."

आणि तिनं पदर आवरून घेतला.

नारायणचा हात गादीवर पडला. झोपेतच त्याच्या कपाळाला आठी आली. हात चादरीवर चाचपडू लागला.

शरयूला जांभई आली.